विलेपार्ले

विलेपार्ले : मुंबई उपनगर जिल्ह्यातील निवासी वस्ती. सांताक्रूझ व अंधेरी यांच्या दरम्यान, पश्चिम रेल्वेच्या दोन्ही अंगांस वसलेली. बोलण्यात नुसते ‘पार्ले’. नाव विरलेश्वर व पार्लेश्वर या देवस्थानांवरून आले, असे सांगतात. दुसऱ्या मतानुसार इर्ले व पार्ले ही लगतची खेडी होती व त्यांवरून हे नाव पडले. कोकणात देवाला गावाचे नाव मिळण्याचा प्रघात पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पार्ले ज्यावर वसले आहे ते साष्टी बेट मराठ्यांच्या 1737-39 च्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांकडे होते. भातशेती, ताडमाड व ख्रिस्ती वस्तीची गावठाणे हे येथील जुने रूप. मुंबई व साष्टी जोडणारा माहीमचा कॉजवे 1845 मध्ये खुला झाला आणि 1867 मध्ये विरारहून दक्षिण मुंबईतील बॅकबेपर्यंत आगगाडी सुरू झाली. लोहमार्ग पार्ल्यातून गेला, पण थांबा अंधेरीस होता. पार्ल्याचे स्थानक साधारणपणे 1906-07 चे मानतात.

खेड्याचे उपनगर कशामुळे झाले, याविषयी दोन मते आहेत. एका मताने 1896 च्या प्लेगने मुंबईकरांना साष्टीत आणले. मात्र साथीच्या झोपड्या तात्पुरत्या असत आणि साथ ओसरताच बहुतेक लोक परतत. त्यामुळे प्लेगने फार तर आरंभीच्या बंगल्यांचा उलगडा होतो. दुसरे मत 1915 च्या मुंबई नगररचना अधिनियमाला महत्त्व देते. त्याखालील योजनांत वेड्यावाकड्या बांधांची शेते एकत्र धरून रस्त्यांसाठी जागा काढली जाई, उरलेल्या जमिनीचे चौकोनी ‘अंतिम भूखंड’ मूळ मालकांना वाटले जात आणि वाढलेल्या किमतीचा काही भाग त्यांच्याकडून वसूल होई. आजचे सरळ रस्ते व त्यांना लागून राहिलेल्या गावठाणाच्या चिंचोळ्या गल्ल्या यांतील फरक याच पद्धतीशी जुळतो. त्यात जानेवारी 1928 मध्ये कुलाबा-बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्याने फोर्टातल्या कारकुनाला येथे बिऱ्हाड करणे परवडू लागले.

मराठी मध्यमवर्गाने लोकमान्यांच्या निधनानंतर (1920) पार्ले टिळक विद्यालय (1921) व लोकमान्य सेवा संघ (1923) उभारले. बिस्किटांमुळे गावाचे नाव देशभर पोहोचवणारी ‘पार्ले’ कंपनी 1929 ची. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात येथील छावणीचे नेतृत्व जमनालाल बजाज यांच्याकडे होते.

1950 मध्ये पार्ले मुंबई महापालिकेत आले. पुढे बंगल्यांच्या जागी सहकारी गृहसंस्थांच्या इमारती आल्या. लगतच्या विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा असल्याने पूर्व भागातील अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडला आहे.