व्हॅल्प्रोएट आणि यकृताचे संरक्षण

अपस्मारावर (फेफरे, आकडी) सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी यकृतासाठी सर्वाधिक जपावे लागते ते सोडियम व्हॅल्प्रोएट घेताना. १९६७ साली फ्रान्समध्ये बाजारात आलेले हे औषध अनेक प्रकारच्या झटक्यांवर आजही हुकमी आहे. गंभीर इजा विरळा होते, पण झाली तर जिवावर बेतते.

व्हॅल्प्रोएट हे स्वतःच एक मेदाम्ल आहे. यकृतपेशीतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) मेदाम्ले जळतात; त्यांना आत नेणारे कार्निटिन या औषधामुळे घटते आणि औषधापासून बनणारा एक विषारी उपपदार्थ ज्वलनच अडवतो. न जळलेली चरबी बारीक थेंबांनी पेशीत साचते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही अपस्माराची इतर औषधे सोबत असल्यास हा उपपदार्थ जास्त बनतो. म्हणून सर्वाधिक धोका २ वर्षांखालील, एकाहून अधिक औषधे चालू असलेल्या मुलांना. पीओएलजी (POLG) या तंतुकणिकांशी संबंधित जनुकात दोष असल्यास व्हॅल्प्रोएट वर्ज्यच. मुलाची वाढ मागे पडत असेल, झटके आवरत नसतील किंवा भावंड यकृताच्या आजाराने दगावले असेल, तर जनुकचाचणी आधी, औषध नंतर.

सुरुवातीलाच रक्तातले एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाल्यास वाढणारे विकर), बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे द्रव्य), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि प्लेटलेट पाहून ठेवतात व पहिल्या ६ महिन्यांत पुन्हा तपासतात, कारण बहुतेक गंभीर प्रकार याच काळातले. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या ३ पटींच्या आत असेल, त्रास नसेल आणि आयएनआर ठीक असेल, तर बहुधा डोस कमी करून पुन्हा तपासणे पुरते. बिलिरुबिन किंवा आयएनआर चढू लागला की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मात्र नुसत्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही. कावीळ उशिरा दिसते. त्याआधी जेवणावरची वासना उडते, उलट्या होतात, चेहरा सुजतो, मूल मलूल पडते. आटोक्यात आलेल्या फिट पुन्हा येऊ लागतात, आणि घरचे नेमके इथेच सिरपचा डोस वाढवतात. कधी एसजीपीटी अगदी नॉर्मल असतानाही रक्तातला अमोनिया (मेंदूला बाधणारा टाकाऊ पदार्थ) वाढून रुग्ण गुंगीत जातो. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. तासभर टेबलावर राहिला तर आकडा खोटाच फुगतो. इजा गंभीर असल्यास डॉक्टर व्हॅल्प्रोएट थांबवून दुसरे औषध देतात आणि शिरेतून लेव्होकार्निटिन (औषधरूपातले कार्निटिन) सुरू करतात. पहिला डोस सहसा वजनाच्या दर किलोला १०० मिग्रॅ, कमाल ६ ग्रॅम. घरच्या घरी गोळी अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते.

फेनिटॉइन व कार्बामाझेपिनची तऱ्हा वेगळी: पहिल्या २ ते ८ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी आणि सोबत यकृताला सूज. या औषधांवर नुसते जीजीटी (यकृतातले आणखी एक विकर) वाढणे मात्र इजेचे लक्षण नव्हे.

‘लिव्हर टॉनिक’ने ही इजा टळते असा पुरावा नाही. काढ्यांबाबत तर उलटाच अनुभव: कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. दारू टाळावी, व्हॅल्प्रोएटवरील मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये. क्षयाचे उपचार सुरू होताना अपस्माराची औषधे आवर्जून सांगावीत: क्षयावरची आयसोनियाझिड व पायराझिनामाइड यकृताला जड जातात, आयसोनियाझिडने फेनिटॉइनची रक्तातली पातळी चढते, तर रिफाम्पिसिन या क्षयाच्याच औषधाने व्हॅल्प्रोएटची घटते. अशा वेळी बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे लेव्हेटिरासिटाम हे अपस्माराचे औषध सोयीचे ठरते. मात्र मूत्रपिंड कमजोर असल्यास त्याचा डोस कमी करावा लागतो.