अँपवरचे दोन वॅट: मॅक्स आणि आरएमएस

"भाऊ, तीन हजार वॅटचा अँप बसवला, तरी आवाज काहून फाटते?" कापूस विकून हाती पैसा आला की आमच्याकडे बोलेरोत नाहीतर ट्रॅक्टरवर नवा अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) चढतो, आणि आठवडाभरात हा प्रश्न येतोच. ते तीन हजार वॅट त्या डब्यात नसतातच.

मॅक्स वॅट म्हणजे क्षणभराच्या झटक्यापुरता सांगितलेला आकडा, डब्यावर तोच मोठ्या अक्षरात असतो. आरएमएस म्हणजे आवाज न फाटता अँप तासन्‌तास देऊ शकतो ती ताकद. विहिरीवरची मोटर घ्या. ५ एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, पण म्हणून तिला ३० एचपीची म्हणून कोणी विकत नाही. पाटीवर ३.७ किलोवॅटच लिहिलेलं असतं आणि रात्रभराच्या ओलितात तोच आकडा कामाचा. अँपच्या धंद्यात मात्र झटक्याचा आकडा ताकद म्हणून खपवतात, याचा मला मनापासून राग येतो. बरं, झटका धरला तरी सरळ सुराच्या लहरीत शिखराची ताकद सरासरीच्या दुप्पट भरते. डब्यावरचा दहापट आकडा कोणी मोजलेला नसतो, नुसता छापलेला असतो.

दुकानातच पडताळा करा. अँपच्या अंगावर फ्यूज असतो. समजा तो ३० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणारी वीज ४३२ वॅट. एबी क्लासचा (जास्त तापणाऱ्या सर्किटचा) अँप त्यातली निम्म्याहून थोडी जास्त बाहेर देतो, बाकीची उष्णता होते. हाती आले फार तर अडीचशे वॅट, तेही सगळे चॅनल (स्पीकरला जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटा) मिळून. डी क्लास (कमी तापणारं सर्किट) असेल तर साडेतीनशेच्या आसपास. गाडीच्या टेपवर लिहिलेल्या '५० गुणिले ४' (चार चॅनलला प्रत्येकी ५० वॅट) चंही तसंच: त्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) स्पीकरला पंचवीसएक वॅटच्या वर स्वच्छ ताकद जाऊच शकत नाही.

यातूनच स्पीकर जळतात. माझ्या मावसभावाचे ट्वीटर (बारीक, उंच सुरांचे छोटे स्पीकर) असेच गेले आणि दुकानदार म्हणाला, "अँप जास्त पॉवरचा होता." उलट होतं. अँप कमी पडत होता, म्हणून गेन (आत येणारा सूर किती वाढवायचा ते ठरवणारं अँपवरचं बटण) शेवटपर्यंत पिळला होता. लहरींची डोकी कापली गेली, त्या चपट्या लहरींतून ट्वीटरकडे जास्तीची ताकद गेली आणि कॉइल जळाली.

म्हणून ५० वॅट आरएमएसच्या स्पीकरला मी ४ ओहमवर दर चॅनलला ५० ते ७५ वॅट आरएमएसचा अँप घेतो आणि गेन कमी ठेवतो. डब्यावर २ ओहमसाठी दिलेला आकडा मोठा दिसतो, पण स्पीकर ४ ओहमचे असतील तर तो आपला नाही. सीईए-२००६ (गाडीच्या अँपची ताकद मोजायचं अमेरिकी मानक) प्रमाणे मोजल्याचं लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण ते मोजमाप १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीवर होतं. दोन चॅनल की चार, हे स्पीकर मोजून ठरतं.

बॅटरीपासून अँपकडे येणारी वायर मात्र अस्सल तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची गळ्यात मारतात, ती तेवढ्याच जाडीत कमी करंट नेते. आणि बॅटरीजवळ वीतभर अंतरावर वेगळा फ्यूज लावूनच घ्या, नाहीतर ती वायर कुठे पत्र्याला घासली की सरळ आग.