मीटरवर एकदम चार-पाच दिवे लागले तर: डिझेल गाडीच्या ग्राहकांसाठी माहिती

गाडी आमच्याकडे आणण्याआधी कृपया बॅटरीचं टर्मिनल काढू नका आणि मोबाईलला जोडायच्या स्कॅनरने कोड (गाडीने नोंदवून ठेवलेले बिघाडांचे क्रमांक) उडवू नका. या पत्रकातली एवढी एकच गोष्ट पाळलीत तरी तुमची गाडी लवकर हातात मिळेल.

कारण सांगतो. बिघाड नोंदवताना इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) फक्त कोड लिहून ठेवत नाही. त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, इंजिनवरचा लोड हेही तो साठवतो. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचा आकडा आणि तोच बिघाड किती वेळा झाला तेही मिळतं. पाच दिव्यांपैकी पहिला कोणता लागला आणि बाकीचे त्याच्यामागून का आले, हे आम्ही या नोंदींवरून काढतो. कोड उडवला की ही नोंद त्याच्याबरोबर जाते. दिवे विझतात, बिघाड जागच्या जागी राहतो. काही बिघाड गाडी लागोपाठ दोनदा चालवताना दिसले तरच दिवा लागतो, म्हणजे तो परत दिसेपर्यंत दोन-चार दिवसही जातात. तोवर गाडी आमच्याकडे उभी राहते आणि स्कॅनरवर काहीच नसतं.

टर्मिनल काढण्याने तर गोंधळ वाढतो. अनेक गाड्यांत कोड बॅटरी काढूनही पुसले जात नाहीत. उलट प्रत्येक मॉड्यूलमध्ये (गाडीच्या एकेका यंत्रणेच्या कॉम्प्युटरमध्ये) ‘व्होल्टेज कमी’, ‘संपर्क तुटला’ असे नवे कोड भरतात आणि मूळ कोड त्या गर्दीत हरवतो. स्टिअरिंगचा अँगल सेन्सर आपली मधली जागा विसरला तर आधी नसलेला ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा नव्याने लागतो. इग्निशन बंद करून, गाडी लॉक करून पंधरा मिनिटं थांबायला मात्र हरकत नाही. त्यानंतर दिवे गेले तरी नोंद आत राहते, तेव्हा गाडी दाखवून घ्या.

एका बिघाडाला इतके दिवे का?

इंजिन, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, एअरबॅग, मीटर हे सगळे एकमेकांत पिळलेल्या दोन वायरींवरून आपसांत बोलतात. ईएसपीला चाक घसरू न देण्यासाठी इंजिनची ताकद कमी करून घ्यावी लागते, म्हणून त्याला इंजिनकडून खात्रीचा आकडा हवा असतो. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा) होज क्लिपमधून निसटला की इंजिनचा ईसीयू सांगतो, माझ्या आकड्यावर विसंबू नका. लगेच ईएसपी बंद, हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) बंद, क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद, आणि प्रत्येकाचा दिवा चालू. एका चाकाचा स्पीड सेन्सर गेला तरी एबीएस, ईएसपी आणि हिल होल्ड असे तीन दिवे येतात, काही गाड्यांत स्पीडोमीटरही मरतो. दोन्ही वेळी बिघाड एकच असतो.

आम्ही आधी बॅटरी का तपासतो

‘बॅटरी नवीन आहे, तुम्ही स्कॅनर लावा’ असं आम्हाला वारंवार ऐकावं लागतं. तरीही आमची सुरुवात बॅटरीपासूनच होते, आणि डिझेलमध्ये तर तीच हवी. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फवरचा ताण जास्त. थंडीत त्याच वेळी हीटर प्लगही (सुरू होण्याआधी इंजिन आतून तापवणारे) करंट खेचतात. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की एकेक मॉड्यूल तक्रार नोंदवू लागतं.

गाडी काही तास उभी असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण आणि १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एका आकड्यावर आम्ही तो खराब ठरवत नाही. हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर चालू करून पाहतो.

त्यानंतर अर्थिंग. इंजिनपासून बॉडीला येणारी विणलेली पट्टी वरून धडधाकट दिसते, पण बोल्ट सोडला की टोकाच्या धातूच्या कडीखाली हिरवट पांढरी भुकटी निघते. मल्टिमीटरवर ओहम तपासले तर ती चांगलीच दाखवते, कारण मीटरच्या नाममात्र करंटला दोन धागेही पुरतात. म्हणून आम्ही एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारतो. ०.२-०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. दोन्ही बाजू कोऱ्या धातूपर्यंत घासायच्या, बोल्ट घट्ट करायचा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावायची. आधी लावली तर काम फुकट जातं.

स्कॅनर यानंतर, आणि तो सगळ्या मॉड्यूलना लावतो. मोबाईलला जोडायचं स्वस्त डोंगल बहुतेक वेळा इंजिनचे सर्वसाधारण कोड तेवढे वाचतं; एबीएस आणि एअरबॅगचे कोड त्याला दिसतच नाहीत. सगळे कोड आम्ही आधी जतन करतो. पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, असेल तर व्होल्टेजचा प्रश्न आधी सोडवायचा. चार मॉड्यूल एकाच वेळी यू ०१०० म्हणत असतील, म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी बोलणं होत नाही, तर त्या चारही मॉड्यूलना हात न लावता ईसीयूचा फ्यूज, रिले आणि अर्थ बघायचा. ते ठीक निघालं तर बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये, म्हणजे त्या दोन पिळलेल्या वायरींमध्ये, ओहम मोजायचे. साठच्या आसपास हवेत. एकशे वीस आले तर लाईन कुठेतरी तुटली आहे. मध्ये गेटवे (मॉड्यूलमधले निरोप पुढे पाठवणारा वेगळा मॉड्यूल) असलेल्या काही गाड्यांत या सॉकेटवर हे मोजमाप लागू पडत नाही, तिथे थेट मॉड्यूलपाशी मोजावं लागतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकून फ्यूज बॉक्समध्ये पाणी उतरणं, उंदरांनी वायर कुरतडणं, म्युझिक सिस्टीम किंवा ट्रॅकरसाठी मूळ वायर सोलून मारलेला जोड, ही कारणं इथे सापडतात.

दोन जागी विनाकारण खर्च होतो. पहिली, गाडी चालताना हीटर प्लगचा स्प्रिंगसारखा दिवा लुकलुकणे. अनेक डिझेल गाड्यांत तो दिवा इंजिनच्या कुठल्याही बिघाडासाठी वापरतात, आणि नेहमीचा संशयित असतो ब्रेक पेडलवरचा स्विच. त्यात दोन सर्किट असतात; दोघांचं उत्तर जुळलं नाही की क्रूझ आणि ईएसपीही बंद होतं. पेडल दाबताना मागचा लाल दिवा लागतो का, सोडल्यावर विझतो का, हे कोणाला तरी मागे उभं करून बघा. स्विच बदलणं किरकोळ काम आहे, आणि त्याच्यासाठी चारही हीटर प्लग बदललेल्या गाड्या आमच्याकडे येतात.

दुसरी, चाकाचं बेअरिंग. एबीएसचा सेन्सर वाचतो ती चुंबकीय रिंग अनेक गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच असते. दोन्ही बाजू दिसायला सारख्या. उलटं बसलं की सेन्सर नवा टाकूनही दिवा जात नाही. आम्ही चारही चाकांचा वेग स्कॅनरवर एकत्र बघत हळू गाडी चालवतो, जे चाक शून्यावर पडतं किंवा उड्या मारतं तिथेच काम करतो. बेअरिंगचं काम नुकतंच झालं असेल तर सांगा, शोध निम्म्यावर येतो.

‘फक्त रिजनरेशन मारून द्या’

डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा चेक इंजिनसोबत लागलेला असताना ही मागणी आम्ही मान्य करत नाही, आणि त्यावरून नाराजी येते. पण रिजनरेशन म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळणं; त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), तापमानाचा सेन्सर किंवा प्रेशरचा पाईप बिघडलेला असेल तर ईसीयू स्वतःहूनच ही प्रक्रिया रोखतो. फिल्टर भरला तो त्यामुळे. मूळ कारण न काढता रिजनरेशन केलं तर फिल्टर पुन्हा भरतो. शिवाय अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर गाडी पळवू नका, आधी ऑइल बदला.

फोनवर ‘पी ०२९९ आहे, टर्बोचे किती?’ असं विचारलं तर आम्ही आकडा देत नाही, तेही याचसाठी. तो कोड हवेचा दाब कमी पडला एवढंच सांगतो. होज, इंटरकूलर, व्हॅक्यूमचा पाईप तपासून झाल्याशिवाय टर्बोला हात लावणं बरोबर नाही. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, कारण वेळ तिथेच जातो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात.

रस्त्यात दिवे लागले तर

लाल दिवा ऑइलचा किंवा तापमानाचा असेल तर सुरक्षित जागा बघून इंजिन लगेच बंद करा. ब्रेकचा लाल आणि एबीएसचा पिवळा एकत्र असतील तर जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात; हँडब्रेक सुटलेला आहे ना ते पाहा, तरी दिवे राहिले तर गाडी टो करून आणा. बॅटरीच्या लाल दिव्यासोबत बाकीचे एकेक लागत गेले तर चार्जिंग बंद आहे. एसी आणि ब्लोअर बंद करा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, कारण काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. नुसते पिवळे दिवे असतील आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश चालवत आणा.

इंजिन चालू असताना मीटरचा फोटो काढा. गाडी थंड होती की गरम, वेग किती होता, वळण होतं का, पाऊस किंवा धुलाई झाली होती का, जंप स्टार्ट दिला होता का, अलीकडे कुठलं काम किंवा बाहेरची फिटिंग झाली, हे लिहून आणा. थंड इंजिनवरच येणाऱ्या बिघाडासाठी गाडी रात्रभर ठेवावी लागते, सकाळचा पहिला सेल्फ आम्हालाच मारू द्या. गाडी परत देताना आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट छापून देतो, बदललेला पार्टही डिकीत ठेवतो.