नावं जुनी कधीपासून वाटू लागली?

कुमुद, मंदाकिनी, मधुकर ही नावं ऐकली की ऐंशीच्या पुढचं माणूस डोळ्यांसमोर येतं. संदीप, मनीषा म्हटलं की पन्नाशीचं. नावावरून वय कळणं आपल्याला स्वाभाविक वाटतं, पण मराठी घरांत ही गोष्ट फार जुनी नाही.

पूर्वी नाव घरातल्या घरात फिरायचं. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब पेशवे. छत्रपती शाहूंचं जन्मनाव शिवाजी, आजोबांचंच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून असा नातू घरात नाना, आबा, भाऊ होऊन वाढायचा. एका पिढीआड परत येणारं नाव जुनं होणार तरी कधी?

मुलींच्या वाट्याला एवढंही नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरचं संपलं. १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी.

धोंडू, दगडू, भिकू या नावांमागे भीती होती. मुलं जगत नसत, तेव्हा उरलेल्यावर काळाची नजर जाऊ नये म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव ठेवत. ती भीती ओसरली तशी ही नावंही गेली. ‘नकोशी’ची गोष्ट वेगळी. तिथे मुलगाच हवा हा हट्ट होता, आणि तो एकविसाव्या शतकातही टिकला: २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकोशींना समारंभपूर्वक नवी नावं द्यावी लागली.

विसाव्या शतकात नाव घराबाहेरून येऊ लागलं. नाटकातून, कादंबरीतून, मग सिनेमातून आणि मैदानावरून. १९२९ साली जन्मलेल्या हेमा मंगेशकरची लता झाली ती ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून ठेवलं. १९७३ साली तेंडुलकरांच्या घरी आलेलं ‘सचिन’ हे सचिनदेव बर्मन यांचं, म्हणजे बंगालहून आलेलं. आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्र’ करायचं चालूच राहिलं, बदललं ते कानात सांगायचं नाव. एकच आवडतं नाव त्याच दहा वर्षांत हजारो घरांनी उचललं, की ते त्या दहा वर्षांचंच होऊन बसतं. माझ्या मते नावं जुनी वाटण्याचं खरं कारण हेच.

यातला एक बदल मात्र नुसत्या आवडीचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर घराघरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा आले. ज्यांच्या आजोबांना गावानं नावापुढे ‘या’ लावून हाका मारल्या होत्या, त्यांनी आपल्या मुलांची नावं स्वतःच्या इतिहासातून निवडली. महाराष्ट्रात नाव ठेवण्याला इतका मोठा अर्थ क्वचितच आला असेल. ही नावं पुढे इतर समाजांतही रुळली, तरी त्यांच्याकडे एका दशकाची टूम म्हणून पाहणं मला अन्यायाचं वाटतं.

काही जुनी नावं आता परतली आहेत: सई, रमा, मुक्ता, मल्हार. परतली ती छोटी, जोडाक्षरं असली तरी जिभेला सोपी, आणि ‘बाई’, ‘राव’ मागे ठेवून. धोंडू परतलेला नाही.

मराठी पूर्ण नावात बापाचं नाव मध्ये असतं, त्यामुळे आधीच्या पिढीची आवड पुढच्या पिढीच्या हजेरीपटावर आपसूक चढते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रानं आईचं नावही सक्तीचं केलं आहे. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. त्यामुळे एरवी लग्नात पुसलं जाणारं किंवा कागदावर कधीच न येणारं आईचं नाव आता मुलाच्या नावाला लागून, वडिलांच्याही आधी लिहिलं जातं.