औषध मारायच्या आधी : खानदेशातल्या घर-परसातल्या किडींची पार्श्वभूमी

२०२२च्या हंगामातला कापूस खानदेशातल्या कित्येक घरांत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पडून होता. आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांवरचा भाव पाहिलेला, त्यामुळे कमी भावात विकायला कुणाचं मन होईना. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, त्याला लागून बाज आणि बाजेवर लेकरं झोपलेली. मग अंगाला खाज सुटू लागली, पोटावर-दंडावर बारीक लाल पुरळ उठलं. कुणी उष्णतेला दोष दिला, कुणी पिसवांना. कापसातल्या गुलाबी बोंडअळीवर जगणारा एक अतिसूक्ष्म कोळी असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, माणसाला चावला की अशीच खाज उठते. अशा घरात पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. पण बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न आला तो असा : यावर कोणतं औषध मारायचं?

या प्रश्नातला ‘औषध’ हा शब्द मला फार दिवस टोचतो आहे. कीड मारायच्या विषाला आपण औषध म्हणतो. तो शब्द कुठून आला हे पाहायचं, तर आपल्या घरांत आधी काय होतं तिथपासून सुरुवात करावी लागते.

जुनं खानदेशी घर धाब्याचं. लाकडी सरे, वर काड्यांचा थर, त्यावर माती. त्याच छपराखाली माणसं, गुरं, वर्षाची दादर ज्वारी, गहू, उडीद-मूग आणि कापूस. शेतातून जे घरात येई त्याच्याबरोबर त्याची कीडही येई. कडधान्यातला भुंगेरा तर शेतातूनच येतो : मादी उभ्या पिकाच्या शेंगांवर अंडी घालते, आणि दोन महिन्यांनी डब्यातल्या मुगाला गोल भोकं दिसतात. गव्हातला सोंडवाला पोरकिडा दाण्याच्या आतच अंडी घालतो, म्हणून बाहेरून गहू चांगला दिसतो आणि मुठीत घेतला की पीठ सांडतं. खपरा भुंगेरा या दोघांपेक्षा चिवट. त्याची केसाळ अळी फटीत शिरून काही न खाता महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरते. जगभरचे देश आज धान्याच्या जहाजांत याला शोधत असतात, आणि त्याचं नाव तिकडेही ‘खपरा’च आहे, आपल्याच मुलखातून गेलेलं.

या किडींशी झगडायला आपल्याकडे सगळ्यांत मोठं साधन होतं ऊन. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि धाब्यावर पातळ पसरलेला गहू त्याहून पुष्कळ जास्त तापतो. बहुतेक धान्यकिडी ५० अंशांच्या पुढे फार वेळ जगत नाहीत. शिवाय दाण्यातली ओल दहा टक्क्यांच्या खाली गेली की पोरकिड्याची पैदास जवळपास थांबते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे बिबडे, शेवया, कुरडया वाळत असतात त्याच धाब्यावर वर्षाचं धान्यही वाळे. बायकांनी बसवलेलं हे वेळापत्रक कीटकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतं. ढेकणांनी भरलेली बाज दुपारभर अंगणात उभी करून ठेवायची, ठोकायची आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, यामागेही तीच उष्णता. ढेकूण आणि त्याची अंडी ५० अंशांना टिकत नाहीत.

दुसरं साधन एरंडेल. कडधान्याला किलोमागे चमचाभर तेल चोळलं की दाण्यावर चिकटवलेल्या अंड्यांचा श्वास कोंडतो. राखेत ठेवलेल्या मुगात किड्याला हलायला जागा उरत नाही, आणि अंगावरचं मेणचट आवरण खरवडलं गेल्यानं तो सुकून मरतो. मूग-तुरीची डाळ करून ठेवली की भुंगेरा फारसा लागत नाही, हेही घरोघर माहीत होतं. कडूनिंबाच्या पाल्याबद्दल मात्र मी थोडा हात राखून बोलेन : वाळका पाला किडीला काही काळ दूर ठेवतो, पण वास उडाला की त्याचा जोर संपतो, आणि आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही. मोठ्या घरांत पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, असे. लिंपून बंद केलेल्या पेवात धान्य आणि किडी मिळून प्राणवायू संपवत, मग किडी गुदमरत. म्हणूनच पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, ही शिस्त होती. आजच्या हवाबंद पिशव्या त्याच तत्त्वावर चालतात.

ही घडी विस्कटली ती व्यापारानं. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अचानक मागणी आली, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, आणि १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेशीही रुळांनी जोडणी झाली. गाठी, गोण्या, गोदामं वाढली आणि त्यांच्यासोबत उंदीर. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे खानदेशातही पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचं, शेतात झोपड्या घालून राहायचं, हे लोक लवकर शिकले. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञानं १८९७ साली प्लेगवरची लस तयार केली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं की रोग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसू दुसरं ऊबदार अंग शोधते. गाव सोडणाऱ्या माणसांना पिसूचं ठाऊक नव्हतं, पण त्यांचं वागणं बरोबर होतं.

ही भीती किती खोल गेली होती हे १९९४च्या सप्टेंबरात कळलं. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. तिथल्या गिरण्यांत आणि हिऱ्याच्या कारखान्यांत आपले कितीतरी लोक होते. तापी काठच्या गाड्या भरभरून आल्या, आणि इकडे गावागावांत लोक पुन्हा घरातले उंदीर मोजू लागले. त्या वेळी कितीतरी चिचुंद्र्या उंदीर समजून मारल्या गेल्या असतील. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेनं चिं-चिं करत पळणं : ही चिचुंद्री, आणि तिचं मुख्य खाणं झुरळं आणि किडे. धान्याची पोती कुरतडतो तो उंदीर, आणि परसात बिळं करून पाया पोखरते ती घूस. तिघांवर एकच उपाय चालत नाही.

आता ‘औषध’ या शब्दाकडे. डीडीटी कीटक मारतं हे पॉल म्युलरनं १९३९ साली शोधलं, त्याबद्दल १९४८चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. फवारणीवाले घरात शिरत, भिंती पांढऱ्या करत आणि दारावर तारीख रंगवून जात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी हिवतापानं दरवर्षी माणसं गमावली होती. तिथे हे पांढरं पाणी आरोग्य खात्याच्या हातून आलं, तापावरचा इलाज म्हणून आलं. लोकांनी त्याला औषध म्हटलं यात काहीच चूक नव्हती. १९६५पर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. शब्द पक्का झाला.

पण फवारणीनंतर घर सारवायची रीत थांबली नाही. शेणामातीचा नवा हात फिरला की डीडीटी त्याखाली गाडलं जाई. डास हळूहळू विषाला दाद देईनासे झाले, ढेकूण तर फारच लवकर निर्ढावले. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

तोवर विषाची ओळख घराकडून शेताकडे आणि शेताकडून पुन्हा घराकडे वळली होती. गॅमेक्झिन या कीटकनाशकाची भुकटी कपाशीवर, तीच मुंग्यांवर, तीच धान्याच्या खोलीच्या कोपऱ्यांत. १९५८ साली केरळात वाहतुकीत कीटकनाशक मिसळलं गेलेल्या पिठामुळे १००हून अधिक माणसं मेली, आणि त्या धक्क्यातून १९६८चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा चौकोन विषाची तीव्रता सांगतो तो या कायद्याच्या चौकटीतून. लाल सर्वांत घातक. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ साली बंदी आली, गॅमेक्झिनवर १९९७ साली, आणि घराघरांत झुरळांवर मारला जाणारा डायक्लोरव्हॉस २०२० अखेर बंद झाला.

तरीही गव्हाच्या कोठीत सल्फासची गोळी टाकणारी घरं आजही आहेत, आणि मला याची मनापासून भीती वाटते. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीनं तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो खोलीत थांबत नाही, फटींतून शेजारच्या खोलीत झोपलेल्यांपर्यंत जातो, आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच कायद्यानं ती फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धूरीकरण करणाऱ्यांसाठी आहे, कुणी सुटी देत असेल तरी घ्यायची नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या उंदरांच्या पेस्टलाही उतारा नाही, आणि ती लहान मुलांच्या हाती सहज लागते. ज्या घरात लेकरू आहे तिथे मी पिंजरा आणि दाराखालच्या फटीला पत्रा, एवढंच सांगते.

याच काळात दुसरा एक धागाही चालू होता, त्याची चर्चा कमी झाली. १९६२ साली दिल्लीत टोळधाडीच्या वेळी निंबोळीच्या गराचं पाणी पिकांवर फवारून पाहिलं, तर टोळ त्या पिकाला तोंड लावेनात. निंबोळी अर्काची शिफारस आज कृषी खातं करतं, तिचं मूळ अशा प्रयोगांत आहे. पपईच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट त्याहून आपल्या जवळची. मेक्सिकोकडची ही कीड २००८ साली कोइमतूरजवळ सापडली आणि बघता बघता महाराष्ट्रात पोचली. पपईच्या बागांना आणि परसातल्या जास्वंदीलाही पांढरा कापूस लागल्यासारखं दिसू लागलं. मेणचट आवरणामुळे फवारा आत पोचेना. २०१० साली पोर्तो रिकोहून तिचे शत्रू, डोळ्यांना जेमतेम दिसणारे परोपजीवी कीटक, आणून सोडले आणि कीड आटोक्यात आली. ज्यांनी आधीपासून जोरदार विष मारलं त्यांच्या बागेत हे मित्र टिकले नाहीत.

परसात आणखी एक ओळख उपयोगी पडते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते, हातानं उचलून टाकावी. भरताच्या वांग्याचा शेंडा दुपारी मान टाकून उभा दिसला तर आत अळी आहे. तो शेंडा इंचभर खालून खुडून जाळायचा, हे बामणोदकडच्या वांग्यांपासून कुंडीतल्या एका झाडापर्यंत सारखंच लागू.

आणि तो घरातला कापूस. गुलाबी बोंडअळीची पहिली शास्त्रीय नोंद १८४३ची, भडोचच्या कापसातून मिळालेल्या नमुन्यांवरून केलेली. म्हणजे तापीच्या आपल्या पट्ट्याला ती पाहुणी नाही. २००२ साली बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, आली तेव्हा वाटलं, संपली. २०१७ साली ती बीटीवरच पसरलेली दिसली. हंगाम संपला की अळी सरकीत आणि पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांवर, उरलेल्या कवड्यांत (न उमललेल्या किडक्या बोंडांत) झोपी जाते, आणि आपण त्याच पऱ्हाट्या सरपण म्हणून घराला लागून रचतो. मेअखेर पऱ्हाट्या संपवायच्या, जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते याच झोपलेल्या अळीसाठी. कापूस घरात ठेवणं भाग असेल तर बाज दुसऱ्या खोलीत हलवावी, ढिगाशी काम केल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. कापसावर काहीही फवारू नये. पुढे तोच कापूस जिनिंगमधल्या मजुरांच्या हातांतून जाणार आहे.