दीर्घिकांची घडण आणि मशीन लर्निंग

दीर्घिका म्हणजे बोलताना आपण जिला गॅलेक्सी म्हणतो ती. अब्जावधी तारे, गॅस, धूळ आणि न दिसणारं कृष्णद्रव्य, असा गुरुत्वाकर्षणानं एकत्र धरून ठेवलेला पसारा. ती तयार कशी होते, वाढते कशी, आणि एके काळी नवे तारे बनवणं बंद का करते, हे शोधायला आता कॉम्प्युटरला लाखो उदाहरणं दाखवून त्याच्याकडूनच त्यातले पॅटर्न काढून घेतात, त्या पद्धतीबद्दलची, म्हणजे मशीन लर्निंगबद्दलची, ही नोंद. नियम माणसानं लिहून द्यायचे नाहीत, नुसती उदाहरणं द्यायची. सगळी मेख पण तिथंच आहे, कारण उदाहरणं कोणी दिली आणि कशी दिली त्यावर मशीन काय शिकणार ते ठरतं.

हे लागतं कशाला

मूळ अडचण वेळेची आहे. दीर्घिका बदलायला कोट्यवधी वर्षं लागतात, त्यामुळे एकही दीर्घिका मोठी होताना कोणी बघितलेली नाही आणि बघणारही नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावरचा सकाळी साडेआठचा एकच फोटो हातात देऊन कोणी म्हणालं की यावरून माणूस जन्मतो कसा, वाढतो कसा, म्हातारा होतो कसा ते लिही, तर जी पंचाईत होईल तीच ही. एक सोय मात्र आहे. प्रकाशाला इथवर यायला वेळ लागतो, म्हणून जितकं लांबचं बघू तितकं जुनं दिसतं. जेम्स वेब टेलिस्कोपनं टिपलेली आणि २०२४ मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर साधारण २९ कोटी वर्षांनी होती तशी आपल्याला दिसते. म्हणजे फोटो एकच, पण त्यात वेगवेगळ्या काळातली माणसं उभी आहेत, फक्त कोण कोणाचं लहानपण आहे ते कुठं लिहिलेलं नाही.

ढोबळ गोष्ट अशी सांगतात की कृष्णद्रव्याचे गठ्ठे आधी जमतात, त्यांच्या ओढीनं गॅस आत पडतो, थंड होतो, त्यातून तारे बनतात. मग सुपरनोव्हाचे, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांचे, स्फोट आणि मधलं कृष्णविवर तोच गॅस पुन्हा तापवतात, बाहेर ढकलतात, आणि तारे बनण्याचा वेग मंदावतो. अधूनमधून दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात आणि छान सर्पिल चकतीचा विस्कटून लंबवर्तुळाकार लगदा होऊ शकतो. तरुण गरम तारे निळे, म्हातारे लालसर, म्हणून रंगावरून वयाचा थोडा अंदाज येतो (धूळ मध्ये आली की तीही लाल दाखवते, तो एक वैताग वेगळाच). यातलं कुठलं कारण किती जोरात चालतं हा खरा वाद आहे, आणि तो सोडवायचा तर एक-दोन दीर्घिका बघून भागत नाही, ढीगभर लागतात.

ढीग आता आहे. एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचे प्रकार पाडले ते फोटोच्या प्लेटा डोळ्यांनी बघून. चिलीमधल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले, तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, आणि एका रात्रीचा डेटा साधारण २० टेराबाइट. दहा वर्षांत अंदाजे २००० कोटी दीर्घिका नोंदल्या जातील म्हणतात. एकेकीकडे फक्त एक सेकंद बघायचं ठरवलं तरी झोप, जेवण, रविवार काही न घेता सहाशेपेक्षा जास्त वर्षं लागतील.

लेबलं कुठून येतात

न्यूरल नेटवर्कनं, म्हणजे उदाहरणांवरून आपले आतले आकडे जुळवत शिकणाऱ्या प्रोग्रामनं, दीर्घिकांची प्रतवारी करायचा प्रयत्न नवा नाही, १९९२ मध्येच झाला होता, पण तेव्हा माणसानं आधी मोजून काढलेली मापं नेटवर्कला द्यावी लागायची. आजचं कन्व्होल्यूशनल नेटवर्क सरळ फोटो घेतं. फोटोवरून छोट्या छोट्या चाळण्या सरकवत नेतं, पहिल्या थरात कडा आणि ठिपके पकडतं, पुढच्या थरांत त्यांच्या जोडण्या, आणि शेवटी भुजा, मधला फुगवटा, आडवा दंड असलं काहीतरी त्याच्या हाती लागतं. पण त्याला शिकवायचं तर आधी हजारो फोटोंवर माणसाचं उत्तर, म्हणजे लेबल, हवं.

ते मिळालं गॅलेक्सी झू या प्रकल्पातून. ऑक्सफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या केविन शाविन्स्की यांनी आठवडाभरात ५० हजार दीर्घिका एकट्यानं बघून काढल्या होत्या आणि पुढच्या साडेआठ लाख बघायची त्यांची तयारी नव्हती, जे समजण्यासारखं आहे. जुलै २००७ मध्ये स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीतल्या साधारण ९ लाख दीर्घिकांचे फोटो सगळ्यांसाठी खुले केले, आणि एका दिवसात तासाला ७० हजार उत्तरं यायला लागली. वर्षभरात दीड लाखाहून जास्त लोकांनी मिळून ५ कोटी उत्तरं दिली. मी स्वतः हे ट्रान्स हार्बरच्या गाडीत करायचो, ठाण्याला खिडकी मिळाली की वाशी येईपर्यंत. स्क्रीनवर काळ्या चौकोनात एक पिवळट ठिपका, खाली प्रश्न: गुळगुळीत गोल आहे की चकती दिसते? मग चकती म्हटलं तर भुजा आहेत का, किती, घट्ट वळलेल्या की सैल. रबाळ्यापर्यंत जोश असतो. कोपरखैरणेनंतर सगळ्याच दीर्घिका गुळगुळीत दिसायला लागतात, आणि माझी तीच उत्तरं कुठल्या तरी मशीनला शिकवायला गेली असणार याची थोडी लाज वाटते.

गंमत नाही, माणसाची सवय डेटात उतरते हे सिद्ध झालेलं आहे. पहिल्या फेरीत घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका जास्त निघाल्या. विश्वाला एक आवडती दिशा आहे की काय असा प्रश्न उभा राहिला, मग त्याच फोटोंची आरशातली प्रतिमा लोकांना दाखवली, तर तरीही उलट फिरणाऱ्याच जास्त. म्हणजे कल आकाशाचा नव्हता, बघणाऱ्यांचा होता. दुसरं म्हणजे लांबची दीर्घिका लहान आणि धूसर दिसते, भुजा पुसल्या जातात आणि लोक तिला गुळगुळीत म्हणून टाकतात. हे सुधारलं नाही तर निष्कर्ष निघतो की जुन्या काळी सर्पिल दीर्घिका कमी होत्या, आणि तो चष्म्याचा नंबर असतो, इतिहास नसतो.

पुढे २०१३-१४ मध्ये याच उत्तरांवर कॅगल या डेटाच्या स्पर्धा भरवणाऱ्या वेबसाइटवर स्पर्धा झाली, ती सँडर डिलेमन यांनी जिंकली. त्यांची युक्ती साधी होती, आकाशात वर-खाली असं काही नसतं, म्हणून फोटो फिरवला किंवा उलटला तरी उत्तर तेच यायला हवं, आणि नेटवर्कची बांधणीच त्या हिशोबानं केली. सध्या जास्त चालतं ते झूबॉट, गॅलेक्सी झूच्या उत्तरांवर शिकलेलं नेटवर्क. ते नुसतं सर्पिल की नाही एवढंच सांगत नाही, शंभर जणांना विचारलं तर किती जण हो म्हणतील आणि त्या आकड्याबद्दल आपली खात्री किती तेही सांगतं, आणि जिथं खात्री नाही ते फोटो परत माणसांकडे पाठवता येतात. मार्च २०२५ मध्ये युक्लिड या अवकाशातल्या दुर्बिणीचा पहिला मोठा डेटा आला त्यात ३ लाख ८० हजारांवर दीर्घिकांची वर्गवारी अशीच झाली, आणि पुढच्या दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकवतं अशा भिंगाच्या ५०० जागाही मशीन आणि माणसांनी मिळून निवडल्या.

पेपर वाचणारं मशीन

इथं तुर्भ्याच्या फळबाजाराची गोष्ट सांगायला हवी. आमच्या ओळखीच्या गाळ्यावर एक नवा पोरगा लागला होता, एप्रिलचे दिवस, पेट्यांचे थर छातीपर्यंत. देवगडचा हापूस कुठला आणि कर्नाटकातला कुठला हे तो दोन दिवसांत पटापट सांगायला लागला, आम्ही सगळे चाट. मग एक पेटी उघडली, माल देवगडचा, हा म्हणतो कर्नाटक. शेठनी आंबा त्याच्या नाकाशी धरला, म्हणाले, "वास घे जरा देठाशी. काय बघून सांगतोयस तू?" तर तो आंब्याखालचा पेपर बघत होता. कानडी पेपर म्हणजे कर्नाटक. त्या पेटीला कोणीतरी हाताला लागली ती रद्दी घातली होती, एवढंच.

मशीन अगदी असंच करतं. सर्पिल दीर्घिकांचे फोटो एका टेलिस्कोपचे आणि लंबवर्तुळाकारांचे दुसऱ्याचे असतील तर ते भुजा शिकायच्या ऐवजी मागच्या नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या दाणेदार खरखरीचा, पोत शिकेल आणि परीक्षेत पैकीच्या पैकी घेईल, कारण परीक्षेतही तोच पेपर अंथरलेला असतो. म्हणून एका सर्व्हेवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या सर्व्हेवर तसंच्या तसं चालेल असं धरत नाहीत, नव्या डेटातली थोडी लेबलं देऊन त्याला परत शिकवतात.

अंतराच्या बाबतीतही हीच काळजी. खरं अंतर काढायला वर्णपट घेऊन ताम्रसृती, म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकलाय ते, मोजावी लागते, त्याला वेळ फार लागतो, म्हणून चार-सहा फिल्टरमधल्या रंगांवरूनच अंदाज बांधतात, यासाठी न्यूरल नेटवर्क २००४ पासून रुळलेलं आहे. पण वर्णपट मिळतात ते जास्त करून ठळक दीर्घिकांचे, आणि अंदाज हवा असतो फिकट दीर्घिकांचा. शिकवणी एका वर्गाची, परीक्षा दुसऱ्याच वर्गाची.

सिम्युलेशनच्या विश्वात शिकवणं

दुसरी वाट म्हणजे कॉम्प्युटरमध्येच विश्व बनवायचं. इलस्ट्रिस टीएनजी, ईगल, सिम्बा ही त्यातली गाजलेली सिम्युलेशन. टीएनजीतल्याच टीएनजी५० ला प्रोसेसरचे १६ हजारांहून जास्त कोअर वर्षभराच्या वर चालवावे लागले. खोट्या विश्वाचा फायदा हा की तिथं प्रत्येक दीर्घिकेचा सगळा इतिहास माहीत असतो, कोण कोणाला कधी धडकली, गॅस कधी संपला, त्यामुळे लेबलासाठी कोणाच्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही. कॅमल्स नावाच्या प्रकल्पात तर मशीनला शिकवायलाच म्हणून चार हजारांहून जास्त छोटी सिम्युलेशन चालवली, त्यांत कृष्णद्रव्याचं प्रमाण, सुपरनोव्हाचा जोर, कृष्णविवराचा जोर थोडा थोडा बदलून.

त्यातून २०२२ मध्ये एक चक्रावणारा निकाल आला. सिम्युलेशनमधल्या फक्त एका दीर्घिकेचे गुण, म्हणजे ताऱ्यांचं वस्तुमान, फिरण्याचा वेग वगैरे, दिले तर नेटवर्क त्या अख्ख्या विश्वात एकूण पदार्थ किती आहे ते साधारण १० टक्क्यांच्या चुकीत सांगतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अक्षरशः. पण टीएनजीच्या पद्धतीवर शिकलेलं नेटवर्क सिम्बाच्या दीर्घिकांवर लावलं की आपटतं. ताऱ्याचा स्फोट आणि कृष्णविवराची फुंकर सिम्युलेशनच्या बारकाव्याच्या आत मावत नाहीत, तिथं प्रत्येक गट आपापली कृती घालतो, आणि मशीन निसर्गाबरोबर ती कृतीही पाठ करतं. परत पेपरच. माझ्या मते या विषयातला हाच सगळ्यात कामाचा धडा आहे, आणि हौशी लेखांमध्ये नेमकं १० टक्क्यांचं वाक्य येतं, आपटण्याचं गाळलं जातं.

आपल्या आकाशगंगेत पण हे झालंय. ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया या अवकाशातल्या दुर्बिणीच्या डेटावर, सिम्युलेशननं शिकवलेल्या नेटवर्कनं २०२० मध्ये सूर्याच्या आसपास ताऱ्यांचा एक प्रवाह शोधला, त्याला निक्स नाव दिलं, आणि तो बाहेरून येऊन गिळल्या गेलेल्या लहान दीर्घिकेचा उरलेला भाग असावा असं म्हटलं. २०२१ मध्ये त्या ताऱ्यांमधली मूलद्रव्यं तपासली तर ती आपल्याच आकाशगंगेच्या जाड चकतीतल्या ताऱ्यांसारखी निघाली. प्रवाह दिसला होता, पाहुणा बहुतेक घरचाच होता. मशीननं चूक केली असं सरसकट म्हणता येत नाही, त्यानं बोट दाखवलं आणि रसायनशास्त्रानं नाक लावून बघितलं, काम असंच चालायला हवं.

आपल्याकडे

ठाणे-नवी मुंबईच्या आकाशातून यातलं डोळ्यांनी काहीच दिसत नाही. घोडबंदर रोडवरून तर चांगले तारेही मोजके. देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, बघायची तर लोक ठाणे जिल्ह्यातच वांगणीला जातात, तिथं खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम होतात, आणि पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की एवढंच? पांढरट पुसट डाग असतो तो. मशीनसमोरच्या बहुतेक दीर्घिका त्याहूनही गचाळ असतात.

काम मात्र जवळच चालतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अजित केंभावी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दीर्घिकेच्या मध्यातला ताऱ्यांचा दंड ओळखणारं नेटवर्क छापलं, ९३४६ दीर्घिकांवर काम करून त्याची अचूकता ९४ टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे तेच फोटो बघणाऱ्या तज्ज्ञ माणसाइतकी. दंड महत्त्वाचा कारण तो गॅस आत ओढून नेतो. पुण्यातल्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जेम्स वेबच्या फोटोंत अलकनंदा ही नीटस दोन भुजांची सर्पिल दीर्घिका दाखवून दिली, विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची. इतक्या लवकर अशी घडी बसलेली चकती असेल ही अपेक्षा कमी होती. अशा वेळी प्रश्न पडतो की जवळच्या दीर्घिकांवर शिकलेल्या मशीननं हिला काय म्हटलं असतं.

स्वतः करून बघायचं तर गॅलेक्सी१० नावाचा डेटासेट फुकट मिळतो, १७,७३६ रंगीत फोटो, १० प्रकार, लेबलं गॅलेक्सी झूच्या लोकांचीच. आमच्या नेरुळच्या बिल्डिंगमधली एक बारावीची मुलगी सुट्टीत हे करत बसली होती. निकाल झकास आले, सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉटही पडला. मग तिनं सहज तेच फोटो ९० अंशात फिरवून परत दिले, तर दर काही फोटोंमागे एकाचं उत्तर बदललं, सर्पिल होती ती धडकणारी झाली. दोन दिवस तोंड पाडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक फोटो चारही बाजूंनी फिरवून ट्रेनिंगमध्ये घातला आणि लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरत ठेवला.