सीओसी प्रमाणपत्र आहे, पण माल प्रमाणित आहे का?

एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगलं आणि लाकूड यांच्या प्रमाणनाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. ‘एफएससीचं लाकूड हवं’ असं पुरवठादाराला कळवलं की लगेच त्याच्या सीओसी प्रमाणपत्राची पीडीएफ येते. वर झाडाचं चिन्ह, खाली प्रमाणन संस्थेची सही, मुदतही शिल्लक. खरेदी विभाग ती फाइलला लावतो, आर्किटेक्ट ती ग्रीन बिल्डिंगच्या कागदपत्रांना जोडतो आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. पण ट्रकमधून उतरलेल्या मालाबद्दल त्या पीडीएफवरून काहीही कळत नाही. पुरवठादार प्रमाणित असणं आणि माल प्रमाणित असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उष्ण कटिबंधातल्या लाकडाच्या व्यापारात, जिथे एक विनियरची (लाकडाच्या पातळ थराची) शीट चार-पाच मालक बदलून हातात येते, तिथे ही गल्लत सगळ्यात महाग पडते.

एफएससीची मुख्य प्रमाणपत्रं दोन. पहिलं वनव्यवस्थापनाचं, म्हणजे एफएम. ते बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. ते जंगलाला मिळतं. १० तत्त्वं, ५ वर्षांची मुदत, दरवर्षी पाहणी. तोडीआधी झाडांची मोजणी, जातीनुसार किमान घेर, बीजासाठी राखलेली मोठी झाडं, एकदा तोडलेल्या कूपात (तोडीच्या पट्ट्यात) पुन्हा कुऱ्हाड लावायला काही दशकांची वाट, स्थानिकांचे हक्क, मजुरांची सुरक्षा, हे सगळं त्यात येतं. ग्वाटेमालातल्या पेतेन भागात माया बायोस्फिअर राखीव क्षेत्रात उआशाक्तून, कार्मेलितासारख्या गावांना जंगलाचे २५ वर्षांचे ठेके मिळाले, तेव्हा एफएससी प्रमाणन ही ठेक्याची अटच होती. तिथली महोगनी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते एफएम.

दुसरं चेन ऑफ कस्टडीचं, म्हणजे माल ज्या मालकांच्या हातून जातो त्या साखळीचं, थोडक्यात सीओसी. हे कंपनीला मिळतं आणि सगळा घोळ इथेच आहे. सीओसी असलेल्या कंपनीचं जंगल असेलच असं नाही, बहुधा नसतंच. ऑडिटर तिथे झाडं बघत नाही. प्रमाणित माल वेगळा ओळखता येतो का, आवक-जावकीचा हिशेब जुळतो का, बिलं नियमाप्रमाणे निघतात का, कामगारांविषयीच्या मूलभूत अटी पाळल्या जातात का, हे तो तपासतो. थोडक्यात, ही कंपनी प्रमाणित माल हाताळायला पात्र आहे, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. कंपनी तसा माल हाताळते का, किती हाताळते, आणि तुम्हाला पाठवलेला माल त्यातला आहे का, याबद्दल ते गप्प आहे. सीओसी असलेला कारखाना वर्षभरात एखादाच कंटेनर प्रमाणित माल विकत असेल आणि बाकी सगळा साधा. नियमात ते पूर्ण बसतं. कंपनीकडे जीएसटी क्रमांक असणं आणि एखाद्या बिलावर जीएसटी लागलेला असणं यात जेवढा फरक आहे, तेवढाच इथे आहे.

माल प्रमाणित ठरतो तो बिलावरच्या दाव्याने. दुसऱ्या कशानेही नाही. विक्रेत्याचं नाव-पत्ता, ग्राहकाचं नाव-पत्ता, तारीख, मालाचं वर्णन आणि परिमाण या नेहमीच्या गोष्टींबरोबर बिलावर आणखी दोन गोष्टी लागतात. एक, विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक, ज्यात प्रमाणन संस्थेची अक्षरं, मग ‘सीओसी’, मग आकडे असतात. दोन, त्या मालाचा नेमका दावा: ‘एफएससी १००%’, ‘एफएससी मिक्स’ आणि त्यापुढे टक्केवारी किंवा ‘क्रेडिट’, ‘एफएससी रिसायकल्ड’, नाहीतर ‘एफएससी कंट्रोल्ड वुड’. मिक्स आणि कंट्रोल्ड वुड म्हणजे काय ते पुढे येतं. माल बिलाशिवाय निघत असेल, तर चलनावरही हीच माहिती हवी, किंवा चलन आणि बिल एकमेकांना जोडणारा संदर्भ तरी हवा.

नुसतं ‘एफएससी’ किंवा ‘एफएससी सर्टिफाइड’ लिहिलं तर तो दावा होत नाही. प्रोफॉर्मावर (विक्रीआधीच्या कच्च्या बिलावर) दावा आहे आणि अंतिम बिलावर नाही, तर माल प्रमाणित नाही. लेटरहेडवरच क्रमांक छापून ठेवणाऱ्या कंपन्यांचा मला मनापासून राग येतो. प्रत्येक बिलावर क्रमांक दिसतो, ग्राहक निर्धास्त होतो आणि ओळींसमोर दावा कुठेच नसतो. एका बिलात प्लायवुड, ब्लॉकबोर्ड आणि बीडिंग अशा तीन ओळी असतील आणि प्लायवुडच तेवढं प्रमाणित असेल, तर दावा त्या ओळीसमोरच हवा. तळाशी एकदा लिहून भागतं ते सगळा माल एकाच दाव्याचा असेल तेव्हाच.

जंगल प्रमाणित आहे म्हणून माल प्रमाणित, ही समजूतही इथेच गळून पडते. प्रमाणित ठेकेदाराने ओंडके दाव्याशिवाय विकले, तर पुढे त्यांचं काहीही झालं तरी ते प्रमाणित नाहीत. आफ्रिकेत हे सर्रास होतं, कारण आशियातल्या बऱ्याच बाजारपेठा त्या दाव्यासाठी जास्त पैसे मोजत नाहीत.

आपल्याकडच्या प्लायवुडवाल्यांना रोज भेटणारं उदाहरण मध्य आफ्रिकेतल्या गॅबनच्या ओकूमे या लाकडाचं. गॅबनने २०१० मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे पीलिंग, म्हणजे ओंडका सोलून विनियर काढणं, तिथेच होतं, बरंचसं लिब्रव्हिलजवळच्या न्कोक औद्योगिक क्षेत्रात, आणि तिथून फेस विनियर (प्लायवुडचा वरचा थर) भारतात येतं. २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सगळ्या जंगल ठेक्यांना २०२२ पर्यंत एफएससी सक्तीचं करण्याची घोषणा केली. ती मुदत पाळली गेली नाही, पण ‘गॅबनचा माल म्हणजे एफएससीचाच’ हा समज मात्र बाजारात राहिला.

आता साखळी बघू. ठेकेदार ओंडके ‘एफएससी १००%’ दाव्याने पीलिंग गिरणीला विकतो. गिरणी विनियर मधल्या व्यापाऱ्याला विकते, तो भारतातल्या प्लायवुड कारखान्याला, कारखाना डीलरला, डीलर फर्निचर निर्यातदाराला. जिथे जिथे मालकी बदलते आणि दावा पुढे न्यायचा असतो, तिथे तिथे सीओसी लागतं. मधल्या व्यापाऱ्याने माल उघडून पाहिला नसेल, कंटेनरचं सीलही तोडलं नसेल, तरी मालकी त्याच्याकडे आली आणि त्याच्याकडे सीओसी नसेल, तर दावा तिथे संपला. पुढच्या सगळ्या कंपन्या प्रमाणित असल्या तरी तो परत जिवंत होत नाही. उलट, मालकी न घेता कमिशनवर काम करणारा एजंट, जहाज कंपनी, सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट), भाड्याचं गोदाम यांना सीओसीची गरज नाही. त्यामुळे साखळी तपासताना माल कुठून कुठे गेला हे विचारू नका. बिल कोणी कोणाच्या नावे फाडलं ते विचारा.

जॉबवर्कचंही असंच. प्रेसिंग किंवा पॉलिश बाहेर करून घेतलं आणि मालकी तुमच्याकडेच राहिली, तर जॉबवर्कवाल्याकडे स्वतःचं सीओसी नसलं तरी चालतं. पण त्याच्याशी लेखी करार हवा, प्रमाणन संस्थेला काम देण्याआधी कळवलेलं हवं, आणि त्याच्या वखारीत तुमचा माल वेगळा राहायला हवा. ऑडिटमध्ये कळवायचं राहिलेलं जॉबवर्क नेहमी सापडतं.

पुण्यात टिंबर मार्केटमधून किंवा मुंबईत डीलरकडून माल घेणाऱ्या इंटिरिअर ठेकेदारांची साखळी बहुतेक वेळा शेवटच्या कडीवर तुटते. प्लायवुड कंपनीकडे सीओसी आहे, डीलरकडे नाही. कंपनीने डीलरला दिलेलं बिल तुमच्या कामाचं नाही, कारण ते तुमच्या नावे नाही. लेबल लावलेला तयार माल घरगुती ग्राहकाला विकणाऱ्या दुकानदाराला सीओसी लागत नाही, ही सूट खरी आहे. पण त्याच शीट कापून कपाट बनवणाऱ्याला ‘एफएससीचं कपाट’ म्हणून पुढे विकायचं असेल, तर ती सूट त्याच्या उपयोगाची नाही. लीड या ग्रीन बिल्डिंग मानांकनासाठी कागद लावायचे असतील, तर काम सुरू होण्याआधीच सीओसी असलेला विक्रेता गाठा किंवा थेट कारखान्याकडून बिल घ्या.

दाव्याच्या प्रकाराकडे कोणी बघत नाही, तेही सांगायलाच हवं. ‘एफएससी १००%’ म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं. ‘मिक्स क्रेडिट’ हिशेबावर चालतं. समजा गिरणीने १०० घनमीटर ‘१००%’ ओंडके घेतले, १५० घनमीटर कंट्रोल्ड वुड घेतलं, आणि पीलिंगचा उतारा (ओंडक्यातून निघणाऱ्या विनियरचं प्रमाण) ५० टक्के आहे. एकूण विनियर १२५ घनमीटर, आणि क्रेडिट खात्यात जमा ५०. गिरणी त्यातलं कुठलंही ५० घनमीटर ‘मिक्स क्रेडिट’ म्हणून विकू शकते. उरलेलं ७५ कंट्रोल्ड वुड म्हणून जातं. क्रेडिट २४ महिने वापरता येतं. म्हणजे तुमच्या हातातल्या ‘मिक्स क्रेडिट’ शीटमध्ये प्रमाणित जंगलाचा एक धागाही नसू शकतो आणि तरी दावा पूर्ण वैध असतो. प्लायवुड किंवा एमडीएफसाठी मला ही पद्धत मान्य आहे. छोट्या गिरणीला दोन वेगळे ढीग सांभाळणं परवडत नाही आणि प्रमाणित जंगलातून उचल तर होते. पण सागाच्या चौकटी, महोगनीच्या फळ्या, डेकिंग अशा सलग लाकडाला ‘१००%’ शिवाय काही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे माल वेगळा ठेवणं सोपं असतं आणि ते न करण्याला सबब नाही.

कंट्रोल्ड वुड म्हणजे बेकायदा तोड, हक्कांची पायमल्ली, मोलाच्या जंगलाचा नाश, जंगलाचं रूपांतर आणि जनुकबदल केलेली झाडं या पाच गोष्टींचा धोका टाळलेलं लाकूड. ते प्रमाणित नाही. त्यावर लेबल लावता येत नाही. कोटेशनमध्ये ते ‘एफएससी’ म्हणून आलं, तर कोटेशन परत पाठवा.

मग ती पीडीएफ कशासाठी? त्यातला क्रमांक घेण्यासाठी, बाकी ती बाजूला ठेवा. एफएससीच्या सार्वजनिक शोधयादीत तो क्रमांक टाका आणि आधी स्थिती बघा. निलंबित असताना केलेला दावा चालत नाही, म्हणून आजची नाही तर बिलाच्या तारखेची स्थिती महत्त्वाची. मग व्याप्ती, म्हणजे प्रमाणपत्रात कोणकोणता माल येतो ते: डब्ल्यू ७ म्हणजे विनियर, डब्ल्यू ८ पॅनेल, डब्ल्यू १२ घरातलं फर्निचर, डब्ल्यू १३ बाहेरचं. फक्त डब्ल्यू ८ असलेला कारखाना तुम्हाला खुर्च्या दाव्याने विकू शकत नाही. लाकडाची जात शास्त्रीय नावाने पाहा. साग असेल तर टेक्टोना ग्रँडिस यादीत हवा. बर्मा टीक (म्यानमारचा साग) ‘एफएससी’ म्हणून समोर आला, तर तिथेच थांबा, कारण म्यानमारच्या नैसर्गिक जंगलांना एफएससीचं वनप्रमाणपत्र नाही. प्रमाणित साग येतो तो लागवडींमधून. लेबलवरचा परवाना क्रमांक ‘सी’ अक्षराचा असतो. ‘एन’ अक्षराचा क्रमांक हा फक्त प्रसिद्धीचा परवाना आहे, तो सीओसी नव्हे.

या व्यवस्थेत एक खरी कमजोरी आहे. विक्रेत्याचा ऑडिटर विक्रेत्याची वही बघतो, खरेदीदाराचा ऑडिटर खरेदीदाराची. दोन्ही वह्या आपोआप शेजारी येत नाहीत. त्यामुळे घेतलं त्याहून जास्त ‘प्रमाणित’ विकणारा काही काळ निभावून नेऊ शकतो. एफएससी काही माल आणि काही देश निवडून दोन्हीकडचे व्यवहार जुळवून बघते, आणि अशा पडताळणीसाठी माहिती देणं प्रमाणपत्रधारकाला बंधनकारक आहे. तुमच्या हातात आहे ते उताऱ्याचं गणित. ४० घनमीटर ओंडक्यांतून ३८ घनमीटर चिरलेला माल निघाल्याचं कोणी दाखवत असेल, तर प्रश्न विचारा.

पीईएफसी ही एफएससीसारखीच दुसरी आंतरराष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था, दोन्हींतला फरक मुद्दाम लांबवत नाही. पीईएफसी देशोदेशींच्या योजनांना मान्यता देते, मलेशियाची एमटीसीएस ही लाकूड प्रमाणन योजना त्यातलीच. सीओसी आणि दावा यांचं तत्त्व तिथेही तेच. फक्त एकाचा दावा दुसऱ्यात बदलता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या भारतीय वन आणि लाकूड प्रमाणन योजनेतही जंगलाचं आणि साखळीचं अशी वेगळी प्रमाणपत्रं आहेत, त्यामुळे हाच घोळ आता देशी लाकडाबाबतही होणार. युरोपीय संघाला जाणाऱ्या लाकडासाठीचा इंडोनेशियाचा एफएलईजीटी परवाना, जो नोव्हेंबर २०१६ पासून मिळतो, माल कायदेशीर असल्याचं सांगतो. तो एफएससीच्या जागी चालत नाही. आणि युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमाला जमिनीच्या तुकड्याचे अक्षांश-रेखांश लागतात. कुठलंही प्रमाणपत्र त्यांची जागा घेत नाही.

खरेदी आदेशात एक ओळ घाला: ‘माल एफएससी १००% दाव्याचा असावा, अंतिम बिलावर मालाच्या ओळीसमोर दावा आणि विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक नसेल, तर रक्कम अदा होणार नाही.’ माल येऊन पडल्यावर दावा राहून गेल्याचं लक्षात आलं, तर प्रमाणित विक्रेता त्या बिलाशी जोडलेला पूरक कागद देऊ शकतो, पण त्याच्या हिशेबात तेवढा पात्र साठा त्या तारखेला असेल तरच. तो पूरक कागद मूळ बिलाला जोडून दोन्ही ५ वर्षं जपा.